होडीला डोळे काढताना

फेब्रुवारीत मार्साश्लोकच्या धक्क्यावर
होड्या पाण्याबाहेर काढून लाकडी घोड्यांवर चढवतात.
विस्तिन अंगठ्याच्या नखाने जुन्या रंगाचा पोपडा उचकटत होता.
मी शाळेतून शिकून आलेली:
रेषा, आकार, पोत, छटा, अवकाश,
चौकटी आखून पाठ केलेले शब्द.
तो म्हणाला, वही ठेव त्या जाळ्यावर.
भिजेल म्हटलं.
भिजू दे.

पहिले तीन आठवडे मी नुसतं घासलं.
घासकागद संपला की तळवा.
"हातानं बघ. डोळे खोटारडे, त्यातून उन्हातले तर फारच."
तळव्याखाली एकेक हिवाळा लागायचा,
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली
आधीच्या मालकाचा कसलासा तांबडा,
आणि सगळ्यांच्या तळाशी मीठ,
जे कुणीच लावलं नव्हतं.

मग रेघ.
मी मनगटातून ओढली, ती थरथरली.
त्याने माझं कोपर धरलं, मग खांदा.
"इथून. आणि श्वास सोडत."
पिवळी रेघ कुशीवरून नाळेकडे निघाली,
फळी वळली तिथे वळली.
होडीवर जी सरळ दिसते
ती रेघ वाकडीच असते,
हे त्याने सांगितलं नाही. मला पट्टी मोडल्यावर कळलं.

पिवळा, निळा, तांबडा, हिरवा.
चार डबे.
मिसळू का थोडं?
विस्तिन खोकल्यासारखा हसला.
"कोण परत येतंय, ते अर्ध्या मैलावरून कळलं पाहिजे.
इथं माणसं उभी असतात वाट बघत.
त्यांना तुझी करडी-जांभळी नजाकत
काय चाटायचीय?"

नाळेच्या दोन्ही अंगांना, डोळ्यांच्या वर,
एक रुंद पट्टा असतो. इकडे त्याला मिशी म्हणतात.
त्या सकाळी त्याने पाचवा डबा उघडला.
काळा.
धाकटा भाऊ, नाझारेनू, ऑक्टोबरात गेला.
वल्ही दोघांची, जाळं दोघांचं,
भांडणही दोघांत एकच,
इंजिनाच्या आवाजावरून, तीस वर्षं पुरवलेलं.

काळा लागला आणि बाकीचे रंग
एकदम मोठ्याने बोलू लागले,
दुखवट्याच्या घरात पोरं बोलतात तसे.
पिवळा जरा उतरवू या का, मी विचारलं.
तो मागे मागे गेला, धक्क्याच्या कडेपर्यंत,
बराच वेळ बघत राहिला.
(बघायला मागे जावं लागतं, एवढं मात्र वहीत होतं.)
"नको. राहू दे.
तोही असाच ओरडायचा."

शेवटी डोळे.
उजवा त्याने काढला, डावा मला दिला.
मी सुतळीने मोजलं, दोनदा,
तरी माझा मोठाच झाला,
भुवई चढलेली,
पाण्याखालून कुणी हाक मारल्यासारखी.
खरवडते, मी म्हटलं.
त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, ढवळला,
फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला.
"डावीकडे तो बसायचा.
आता होडी उजवीकडे कलणार.
असू दे डोळा मोठा.
तेवढंच वजन."

गुरुवारी होडी पाण्यात ढकलली.
तोल, समतोल, भार,
माझ्याकडे तीन शब्द होते एकाच गोष्टीला
आणि खांदा लावताना एकही आठवला नाही.
वही जाळ्यावरच राहिली होती.
शाई उतरून पानं एकमेकांना चिकटलेली,
"अवकाश" फुगून वाचता येईना.

विस्तिनने मागे वळून पाहिलं नाही.
अर्ध्या मैलावर रंग गळत गेले,
आधी हिरवा, मग निळा, मग तांबडा.
पिवळा हट्टाने टिकला.
दूर वळण घेताना होडी आडवी झाली
तेव्हा दिसला उजव्या बाजूला तो, वाकलेला,
आणि डावीकडे बाकावर
एका माणसाएवढा समुद्र.